चालू यंत्राची दुरुस्ती

मला बोलावलं होतं सेंट्रिफ्यूजसाठी.
आठ हजार फेऱ्यांच्या वर गेलं की खडखडतं म्हणे.
कम्पालाबाहेर टेकडीवरची ती बैठी, लांबट इमारत,
दारात बूट काढायचे, पांढऱ्या सपाता चढवायच्या,
आणि मी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा वालुसिंबी,
खिशात फीलर गेज, नखांत ग्रीस.

बेअरिंग गेलं होतं. एवढंच.
वीस मिनिटांचं काम.
मी दोन तास लावले,
कारण शेजारच्या फळीवर
काचेच्या बरण्यांत केळी उभ्या होत्या,
करंगळीएवढ्या, मातीवाचून.
"यांची आई कोण?" मी विचारलं.
डॉक्टर नाबुन्या मान वर न करता म्हणाल्या,
"आई नाही रे. सगळ्या मिळून एकच बाई आहे ती."

खरंच की.
आमच्या केळीला बी कुठे असतं?
पिलाला पिल, पिलाला पिल.
मसाक्याच्या बागेतली केळ
पणजीने लावलेल्या केळीची नात नव्हे,
तीच ती,
कोयत्याखालून चालत आलेली.
एकाच ड्रॉइंगवरून काढलेले लाखो भाग.
ड्रॉइंगमध्ये एक फट राहिली
तर लाखोंत फट.

ती फट मी पाहिली आहे.
घड अवेळी पिकतो, आतून तपकिरी.
बुंधा चिरला की पिवळट चीक.
माझी आत्या केळफुलाला लोखंड लावत नाही,
बेचकीच्या काठीने मुरगाळून पाडते,
आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना
कोयता विस्तवात धरते,
पाहुण्यांकडे जाण्याआधी हात धुवावेत तसा.

"ढोबळी मिरचीतलं एक जनुक घालतोय आम्ही,"
डॉक्टर म्हणाल्या.
मला हसू फुटलं.
शिवणयंत्राला ट्रॅक्टरचा बोल्ट!
"बसतो?"
"कधी कधी."
दोनशे चाळीस बरण्या, त्यांतल्या अकरा.
आमच्या वर्कशॉपात एवढी रद्दी निघाली
तर मास्तरांनी लेथवरून हाकललं असतं.
त्या मात्र अकरा हा आकडा असा उच्चारत होत्या
जशी शेजारीण नातवंडं मोजते.

मी विचारत सुटलो.
टॉलरन्स किती? मॅन्युअल कोणी लिहिलं?
आणि हे बंद कुठून करायचं?
"बंद केलंस तर मेलं.
धावत्या गाडीचं चाक बदलायचं,
आणि गाडीला कळू द्यायचं नाही."

त्या रात्री वसतिगृहात झोप लागली नाही.
बाबांना फोन केला. ते सायकली जुळवतात.
"फी मशिनांची भरली ना मी?" म्हणाले,
मग थोड्या वेळाने, "किती बारीक असतो रे तो भाग?"
मी म्हटलं, दिसत नाही.
"मग तो घट्ट बसला हे कळतं कसं?"
सबंध सत्रात कुणी मला
इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

आत्याचा प्रश्न वेगळा.
"पिल शेजारणीला द्यायचं झालं
तर कुणाला विचारावं लागेल?"
आजवर आम्ही कुणालाच विचारलेलं नाही.
लेक सासरी निघाली की पिल,
नवं घर झालं की पिल,
भांडण मिटलं की पिल.

तो प्रश्न मी टेकडीवर घेऊन गेलो.
डॉक्टरांनी पिपेट खाली ठेवली.
बराच वेळ नुसतं सेंट्रिफ्यूज ऐकू येत होतं,
माझं बेअरिंग, गुळगुळीत.
"वहीत लिहून ठेव," शेवटी म्हणाल्या,
"याचं उत्तर देईल असं यंत्र इथे नाही."

आता दर शनिवारी जातो.
बिघडलेलं काही नसतं,
मी शोधून काढतो.
बरण्या धुतो, चिठ्ठ्या लावतो,
परवा पहिल्यांदा पात धरून पान कापलं,
हात कापला नाही, कापरा मात्र झाला.

ग्रीस रॉकेलने निघतं.
बाहीवरचा हा चिकाचा डाग
आत्या सांगते, सदरा फाटला तरी राहील.